एस्प्रेसोचं दळण

मोताळ्याच्या बाजाराच्या मैदानाला लागून पत्र्याचं एक शेड आहे. सकाळी नऊला तिथे पट्टा चढतो, आणि मग दिवसभर त्या शेडचा पत्रा, शेजारच्या कटिंगच्या दुकानातला आरसा आणि समोरच्या बाकावर बसलेल्या माणसांचे दात एकाच तालात थरथरत राहतात. ही इंद्रभानची गिरणी. इंद्रभान म्हणजे एकसष्ट वर्षांचा, उंच, किंचित वाकलेला माणूस. त्याच्या भुवया वयानं पांढऱ्या झाल्यात की पिठानं, हे गावात कुणालाच नक्की माहीत नाही. त्याच्या बायकोला, भिमाबाईला, माहीत असावं, पण विचारलं तर ती म्हणते, "म्या कधी झटकून पाह्यल्या नाही बाप्पा."

चालू गिरणीत त्याला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बायका दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडतात, तेव्हा कुठे तो "हाव, हाव" म्हणतो, आणि तेही बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी. पण दगडाचं बोलणं विचारा. मागच्या घरात जेवायला बसलाय, मधे दोन भिंती आहेत, आणि हा घास हवेत धरून म्हणतो, "दगडाले दगड लागून राह्यला. पेटीतले गहू संपले वाटते." भिमाबाई पळत जाऊन बघते, तर पेटी रिकामी.

दुसरी गोष्ट त्याची चिमूट. गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ खाली पडत असताना तो त्यात हात घालतो, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवतो, डोळे मिटतो. मग चाक पाव फेरा आवळतो. पुन्हा चिमूट. आता बरोबर. भाकरीचं पीठ, पुरणपोळीचं पीठ, लाडवाचं बेसन, भाजणी, कण्या: त्याच्या बोटांत प्रत्येकाची वेगळी खोली आहे आणि कुणी कुणाच्या खोलीत शिरत नाही.

असा हा माणूस. पस्तीस वर्षं त्यानं अख्ख्या मोताळ्याचं दळण दळलं. आणि यंदा मार्च महिन्यात तो स्वतःच दळायचं यंत्र विकत घ्यायला निघाला. तेही तळहाताएवढं.

कारण होती धम्मशीला. त्याची एकुलती एक मुलगी.

*

धम्मशीला नऊ वर्षं पुण्यात होती. कॉफीच्या कंपनीत. म्हणजे काय करते, हे इंद्रभानला धड सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मोठ्या लोकाईले कॉफी कशी बनवाची थे शिकवते." बाकावरचं कुणी तरी हमखास म्हणायचं, "दूध टाकाचं, साखर टाकाची, शिकवाचं काय त्यात?" आणि इंद्रभान चालू गिरणीचा फायदा घेऊन "हाव, हाव" म्हणायचा.

मार्चात तिचा फोन आला. आयर्लंडमध्ये नोकरी लागली होती. दोन वर्षं. सोळा एप्रिलचं विमान.

"येते ना बाबा, जायच्या आधी. सहा तारखेला. दोन दिवस राहते."

"दोन? मंग जयंती?"

"जयंतीला नाही जमणार हो. इथली खोली सोडायची, सामान, मैत्रिणी…"

"दोन वर्षांसाठी चालली अन् दोन दिवस? आठ दिवस राह्य. चौदा तारीख करून जाय."

पलीकडे ती हसली. "बाबा, तुम्हाले माहीत हाय ना, तिकडं माह्यं डोकं धरते. कॉफी नाही भेटली की दुसऱ्या दिवशी मी कामातून जाते."

ती हसत म्हणाली होती. इंद्रभाननं हसणं तिथंच फोनमध्ये ठेवलं आणि शब्द तेवढे उचलून घेतले.

कारण मागची खेप त्याच्या डोळ्यांसमोर होती. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, तेव्हा भिमाबाईनं खास तिच्यासाठी दुकानातून कॉफीची पुडी आणली, दुधात उकळली, वर साय तरंगत ठेवली. पोरीनं दोन घोट घेतले, "मस्त झाली आई" म्हणाली. संध्याकाळी इंद्रभान हात धुवायला मागं गेला, तर शेवग्याच्या बुंध्याशी माती तपकिरी ओली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती गेली. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

तो एक दिवस इंद्रभानच्या मनात तेव्हापासून तसाच पडून होता. न दळलेल्या डब्यासारखा.

"कॉफीनं कोनाची पोरगी थांबते का हो?" भिमाबाई म्हणाली.

"डोकं दुखलं तर जाईनच ना ते."

"डोकं दुखते म्हनून गोयी खातेत. गाव नाही सोडत."

पण इंद्रभानच्या डोक्यात गोष्ट बसली होती. घरात तिच्यासारखी कॉफी झाली, तर पोरगी आठ दिवस थांबेल. आता ते वाकडं असो की सरळ.

*

मार्चच्या शेवटी तिचं एक खोकं ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलं. पुस्तकं, गोधडी, दोन कुंड्या आणि कागदात गुंडाळलेलं एक चकचकीत यंत्र. टिफिनच्या चार डब्यांएवढं, पुढं चोच, बाजूला वाफेची नळी. भिमाबाईनं त्याच्यावर लगेच भरतकामाचा रुमाल घातला, जसा टीव्हीवर असतो. सोबत कॉफीच्या भाजलेल्या बियांची अर्धी पिशवी होती.

इंद्रभाननं फोन लावला. "धम्मा, थे मशीन चालू होते का?"

"होते की. बटण दाबलं की पाणी तापतं. पण उपयोग काय? ग्राइंडर नाही ना. तो मैत्रिणीचा होता."

"म्हंजे?"

"म्हणजे बिया ताज्या दळाव्या लागतात, बाबा. तिथल्या तिथं. नाहीतर ते मशीन नुसतं शोभेचं."

इंद्रभान बाजेवर ताठ बसला. "दयाव्या लागतेत?"

"हो मग. सगळा खेळ दळण्याचाच आहे. मशीन नंतर."

"अन् किती बारीक?"

"काऊन विचारून राह्यले?"

"असंच. एक गिऱ्हाईक विचारत होतं."

"मोताळ्यात? एस्प्रेसो?" ती पोट धरून हसली असावी; फोन थरथरला. "सांगा गिऱ्हाइकाला, बारीक मिठापेक्षा बारीक. पण मैद्यासारखं नाही. चिमटीत धरलं तर कण लागला पाहिजे, आणि दाबलं तर गोळा झाला पाहिजे."

फोन ठेवल्यावर इंद्रभान बराच वेळ अंगठा बोटावर फिरवत बसला. मिठापेक्षा बारीक, मैद्यापेक्षा जाड. त्याच्या बोटांत एक नवी खोली बांधली जात होती. पोरगी नऊ वर्षं दळणाचं काम करत होती आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग त्यानं ती चूक केली. गिरणीवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती.

स्वतःची गिरणी असताना दळायचं यंत्र विकत कशाला? दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यानं मूठभर ज्वारी टाकून दगड पुसून घेतला, कापडी बाही तीनदा झटकली आणि त्या बिया पेटीत ओतल्या. गिरणी एकदम वेगळ्याच आवाजात बोलली, सुपारी फोडल्यासारखी. शेडभर असा वास सुटला की कटिंगच्या दुकानातलं गिऱ्हाईक गळ्यात फडकं तसंच ठेवून बाहेर आलं. पण खाली पडलं काय? जेमतेम ओंजळभर. बाकी सगळं दगडाच्या चरांत जाऊन बसलं होतं. तीच ओंजळ वाटीत घेऊन इंद्रभान आत पळाला.

भिमाबाईनं नाक लावलं. "याले बेसनाचा वास येऊन राह्यला."

"सकाई हरभरा दयला होता ना."

"मंग टाका फोडनीत. कॉफीचं पिठलं होते."

ही चर्चा चालू असतानाच बाहेर गव्हाचा डबा आला, आणि भिमाबाईनं जाऊन तो पेटीत ओतला. दगडात काय बसलंय, हे तिला सांगायचं इंद्रभान विसरला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आल्या. वच्छलाबाई म्हणजे वरच्या आळीतल्या, चांगल्या बागायतदाराच्या घरच्या; आवाज असा की चालू गिरणीतही ऐकू जावा. हातात पोळी होती. ती त्यांनी इंद्रभानच्या डोळ्यांसमोर वाळलेल्या पानासारखी धरली.

"इंद्रभान भाऊ! हे काय हाय?"

"पोयी."

"रंग पाहा तिचा! गहू माह्ये लोकवन, अन् पोयी अशी काऊन? कडू जहर! अन् आमच्या मालकाईनं चार खाल्ल्या त काल डोयाले डोया नाही. रातभर मले पहिल्या नांगराच्या बैलाची गोष्ट सांगत होते!"

बाकावर हशा पिकला. इंद्रभान हसला नाही. त्यानं मोटार बंद केली.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यानं ही गिरणी घातली, तेव्हा वरच्या आळीतली बरीच दळणं डोक्यावरून त्याच्या दारावरनं पुढं जायची. पार दुसऱ्या टोकाच्या गिरणीवर. कुणी तोंडानं काही बोलायचं नाही, नुसतं पुढं जायचं. त्यात पहिला डबा थांबला तो वच्छलाबाईंचा. नव्या सून होत्या त्या तेव्हा. "पीठ चांगलं देता का? मंग झालं," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून इंद्रभाननं एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ दिलं नव्हतं. त्याच्याकडे प्रतिष्ठा म्हणून जे काही होतं, ते एवढंच होतं.

"चूक झाली, वच्छलाबाई," तो म्हणाला. "कॉफी दयली म्या यात. पोरीसाठी."

वच्छलाबाईंनी पोळी खाली केली. "धम्मा येऊन राह्यली?"

"सहा तारखेले. मंग दोन वर्षं नाही."

त्या म्हणाल्या, "मंग तिच्यासाठी येगयी मशीन घ्या ना, भाऊ. आमच्या मालकाच्या जीवावर काऊन उठले?"

इंद्रभाननं त्यांचे गहू भरून दिले, दोन्ही दगड उतरवले, आणि संध्याकाळपर्यंत टाकी घेऊन एकेक चर खरवडत बसला.

*

बुलढाण्याला बसस्टँडच्या जरा पुढं एक कॅफे निघालाय, असं कळलं. इंद्रभाननं गिरणीवर पाटी लावली, 'आज दळण बंद', आणि राजूरचा घाट चढून तिथे पोचला. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशात पेन. आत मंद गाणी, उंच खुर्च्या, आणि काउंटरमागं हर्षल नावाचा तिशीतला मालक, दाढी रेखलेली.

"बोला काका. काय देऊ?"

"दयलेली कॉफी दाखवा."

"प्यायला ना?"

"नाही. चिमटीत धराले."

हर्षल आधी हसला. मग म्हातारा हसत नाही हे बघून थांबला. मोठ्या ग्राइंडरचं बटण दाबून त्यानं चमचाभर पूड कागदावर दिली. इंद्रभाननं अंगठा फिरवला, डोळे मिटले. हीच. पोरीनं सांगितलेली हीच खोली.

"आता मले असं दयनारं लहान मशीन पाह्यजे. घरी. पोरीसाठी."

"काका, पहिली गोष्ट सांगतो. ऑनलाइन लय स्वस्त दिसते, त्याच्यात पातं असते…"

"पात्याचं नाही पाह्यजे," इंद्रभान म्हणाला. "थे मिक्सर झालं. पातं तोडते, दयत नाही. अर्धं पीठ, अर्धा भरडा."

हर्षलनं त्याच्याकडे नीट बघितलं. "काय करता काका तुम्ही?"

"गिरनी हाय माह्यी. मोताळ्यात."

"मंग असं सांगा ना!" हर्षलनं बाही सारली. खालच्या कप्प्यातून त्यानं तीन यंत्रं काढून मांडली. एक विजेचं, दुधाच्या किटलीएवढं. दोन हातानं फिरवायची, लोखंडी पेल्यासारखी, वर दांडा. "हे तीन सुरुवातीच्या माणसाचे. याच्या खाली गेलं का पैसे पान्यात, याच्या वर गेलं का घरचे बाहेर काढतेत."

इंद्रभाननं आधी विजेचं चालवलं. घुर्रर्र. चिमूट घेतली. बारीक होतं, सारखं होतं. पण त्यानं पूड गालाला लावली. "तापते."

"थोडी."

"पीठ तापलं का त्याचा जीव गेला. अन् हे पहिल्या खुनेवरून दुसऱ्या खुनेवर गेलं त उडीच मारते. मधात थांबत नाही. मिठापेक्षा बारीक अन् मैद्यापेक्षा जाड, त्याच्या मधातच तं सगयं हाय."

मग पहिलं हातयंत्र. चिनी मातीची चाकं. त्यानं दांडा फिरवायला घेतला आणि चौथ्या फेऱ्यालाच थांबला. यंत्र कानाशी नेलं, रिकामं फिरवलं. "याचा आस झुलून राह्यला. एका बाजूनं घासते, दुसऱ्या बाजूनं मोकयं सोडते." पूड कागदावर पसरून दाखवली. खरंच, धूळ आणि रवा एकत्र.

"मी हे सहा महिने वापरलं काका, मले कधी आवाज नाही आला," हर्षल म्हणाला.

"तुमी गाने लावता ना."

हर्षलनं गाणी बंद केली. तिसरं यंत्र इंद्रभाननं शांततेत फिरवलं. पोलादी दाते. दांडा जड जात होता, पण एकाच लयीत, कुठं ओढ नाही, कुठं ढील नाही. खालच्या चकतीला खुणा होत्या, एकेक खूण सरकवली की टिक वाजायची. तो पुढं-मागं करत राहिला. टिक. चिमूट. टिक. चिमूट. नवव्या खुणेवर बोटं म्हणाली, इथं.

"पन्नास-साठ फेरे लागतेत एका कपाले," हर्षलनं बजावलं. "खांदा भरते काका."

"भरू द्या."

"अन् हे लहान हाय. हातात मावते. कुठंबी नेता येते."

त्या वाक्याकडे इंद्रभाननं लक्ष दिलं नाही. आस झुलत नव्हता, एवढंच त्याला दिसत होतं. यंत्राबरोबर त्यानं भाजलेल्या बियांची एक पिशवीही घेतली.

*

सहा तारखेला दुपारी धम्मशीला उतरली. पाठीवर पिशवी, केस कापलेले, गॉगल डोक्यावर. बाकावरच्यांनी "जय भीम धम्मा", "आली का व बाई" केलं. भिमाबाईनं गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. इंद्रभान गिरणीच्या दारात उभा राहिला, भुवयांसकट पांढरा, आणि म्हणाला, "बस. थकली असशीन."

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली ती आवाजानं. करर्र, करर्र, करर्र. एका लयीत. ती स्वयंपाकघरात आली, तर बाप पाटावर बसलेला, दोन गुडघ्यांत लोखंडी पेला धरलेला, आणि डोळे मिटून दांडा फिरवतोय. समोर रुमाल काढलेलं यंत्र. आई भिंतीला टेकून, पदराचं टोक तोंडात.

"बाबा?"

"थांब. सत्तेचायीस… अठ्ठेचायीस…"

पहिला कप वाया गेला. पाणी धडाधड खाली आलं, गढूळ. "पूर आला," भिमाबाई म्हणाली. धम्मशीला पुढं झाली, पण इंद्रभाननं हात केला. टिक, टिक. दोन खुणा आत. पुन्हा साठ फेरे. या वेळी यंत्र नुसतं कण्हत राहिलं, थेंब पडेना.

"आता दुष्काय," भिमाबाई.

"एक खूण मागे घ्या, बाबा," धम्मशीला हळूच म्हणाली.

"मले कयते." टिक.

तिसऱ्यांदा धार आली. आधी काळी, मग तांबूस, मग मधासारखी, उंदराच्या शेपटीएवढी बारीक आणि न तुटणारी. तिनं घोट घेतला. कप खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून भिंतीशी जाऊन बसली.

"कशी हाय?" इंद्रभान.

"हे तुम्ही निवडलं? हेच? दुकानात शंभर असतात."

"दोनचा आस झु… एक तापत होतं, एकाचा आस झुलत होता. हे राह्यलं."

"माझ्याकडं शिकायला येतात ना बाबा, त्यांना हे समजायला महिना लागतो." तिनं कप खाली ठेवला आणि हात पुढं केला. "मी त्यांना काय शिकवते माहितीये? पहिल्या दिवशी? मशीनला हात लावू देत नाही. चिमूट शिकवते. अंगठा असा. बोट असं. डोळे मिटा."

इंद्रभान बघतच राहिला. तिचा अंगठा बोटावर फिरत होता. त्याचाच अंगठा.

"थे तुले कोनं शिकवलं?"

"कोनं म्हणजे? पाच वर्षांची होते तेव्हा त्या बाहीखाली बसायचे मी. मग तुम्ही होस्टेलला टाकलं."

"शिकाव म्हनून टाकलं. पिठात राहू नये म्हनून."

"माहीत आहे हो." तिचा आवाज पुण्याहून थेट मोताळ्यात उतरला. "पन मंग मी कवाबी घरी आली, त तुमी मले गिरनीत येऊ देत नाही. बस म्हनता. थकली असशीन म्हनता. कपडे खराब होतीन म्हनता. तुमी दोघं तिकडं, अन् मी इकडं पाहुनीसारखी पंख्याखाली. पाहुनी किती दिवस राह्यते बाबा? डोकं दुखनारच ना."

भिमाबाईनं नवऱ्याकडे बघितलं.

इंद्रभान उठला. खुंटीवरचा आपला जुना शर्ट काढला, झटकला, शेडभर पांढरं उडालं असतं एवढं पीठ स्वयंपाकघरात उडालं, आणि तो शर्ट त्यानं पोरीच्या पुढ्यात धरला.

"चाल मंग. बाजाराचा दिवस हाय."

*

ती दोनाऐवजी चार दिवस राहिली. आठ झाले नाहीत. खोलीची किल्ली द्यायची होती, कागद आणायचे होते. इंद्रभाननं मोजून बघितलं तरी त्यातलं काही खोटं नव्हतं. पण त्या चार दिवसांत सकाळी कॉफी आणि मग गिरणी. तिनं पट्टा चढवला, डबे ओळीत लावले, वच्छलाबाईंच्या गव्हाला हात घातला तेव्हा त्या भोंगा करून ओरडल्या, "धम्मा, याच्यात काही मिसयू नको व माय! एकदा झाला आमचा जागरनाचा कार्यक्रम!" सगळे हसले, इंद्रभानही. त्याला त्या चार दिवसांत गिरणीचा आवाज वेगळा वाटत होता. दगड तेच, पट्टा तोच. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पहिल्यांदा त्याला वाटायचं, आज काही राहून गेलं नाही. आणि लगेच पुढचं आठवायचं.

जायच्या सकाळी तिनं शेवटचा कप संपवला. मग यंत्र धुवायला घेतलं, ब्रशनं दाते साफ केले, पेला कोरडा केला, आणि तो हातात घेऊन उगाच उभी राहिली. पिशवीत टाकावा की इथंच ठेवावा अशी.

इंद्रभाननं बघितलं. हातात मावत होता तो पेला. कुठंबी नेता येते, म्हणाला होता तो दाढीवाला. विजेचं घेतलं असतं तर? ते किटलीएवढं धूड तिच्या पिशवीत शिरलं नसतं. ते इथंच राहिलं असतं, आणि ते राहिलं असतं म्हणजे तिला यावं लागलं असतं. हे सगळं त्याच्या मनात एकदम येऊन गेलं, जसा रिकाम्या पेटीवर दगड फिरतो.

"ने," तो म्हणाला.

"नाही बाबा. तुम्ही घरासाठी घेतलं."

"घरासाठी नव्हतं घेतलं. नऊव्या खुनेच्या आत एक ठेवलं हाय, पाह्य. तिकडचं हवामान येगयं असन. थंडीत दाना कडक राह्यते. मागं-पुढं करा लागन."

तिनं पेला टी-शर्टात गुंडाळला आणि पिशवीच्या अगदी मध्यभागी ठेवला, जिथं माणसं फुटणाऱ्या वस्तू ठेवतात.

बस गेल्यावर भिमाबाई म्हणाली, "पोरीले बांधून ठेवासाठी आनलं, अन् तेच तिच्या पिशवीत बांधून देलं. धन्य हाय तुमची."

"हाव, हाव," इंद्रभान म्हणाला. गिरणी बंद होती.

*

जयंती झाली. मिरवणुकीत इंद्रभान निळा फेटा बांधून पुढं चालला, फोटो काढून पाठवले. सोळा तारीख गेली. स्वयंपाकघरातल्या मशीनवर रुमाल पुन्हा आला. डब्यात तळाला मूठभर बिया उरल्या होत्या. भिमाबाई त्या टाकत नव्हती आणि का टाकत नाही, हे सांगत नव्हती. इंद्रभान कधी तरी डब्याचं झाकण उघडायचा, नाक नेऊन परत लावायचा. आणि जेवताना मधेच घास धरून थांबायचा. "काय झालं? दगड लागला का?" भिमाबाई विचारायची. तो मान हलवायचा. काही लागलं नव्हतं. काहीच लागत नव्हतं, तेच ऐकत बसला होता.

मे महिन्यात एका दुपारी गिरणी भरात होती. पाच डबे ओळीत, बाकावर बायका, वच्छलाबाई पहिल्या. भिमाबाई आतून फोन घेऊन धावत आली आणि तो नवऱ्याच्या डोळ्यांसमोर नाचवला. पडद्यावर धम्मशीला, अंगात जाड स्वेटर, मागं काचेवर पावसाचे थेंब. तिकडं सकाळ होती. तिचे ओठ हलत होते.

"काय?" इंद्रभान ओरडला.

तिनं लोखंडी पेला वर करून दाखवला. मग कपाळावर हात मारून घेतला. जमत नाहीये, असं काही तरी.

इंद्रभाननं मोटार बंद केली. पट्टा फडफडत थांबला, पत्रा थांबला, आरसा थांबला.

"आज चार दिवस झाले बाबा, इथल्या मशीनवर धारच नीट येत नाही. नवीन बिया आहेत. आंबट लागते, पूर येतो. सगळं करून बघितलं."

"फिरव. फोन जवय धर."

करर्र, करर्र, करर्र. हजारो मैलांवरून तो आवाज पत्र्याच्या शेडमध्ये आला. इंद्रभाननं फोन कानाशी दाबला आणि डोळे मिटले. त्याचा मोकळा हात आपोआप पुढं आला, अंगठा बोटावर फिरू लागला.

"सैल हाय," तो म्हणाला. "दाना निसटून राह्यला. दोन खुना आत घे."

टिक. टिक.

"आता फिरव. थांबू नको. मी हाय."

करर्र, करर्र. वच्छलाबाई डबा मांडीवर घेऊन अवघडल्या. त्यांनी सवयीनं दोन्ही हातांचा भोंगा केला. "भाऊ! लाईट गेली का? माह्यं दयन टाका ना!"

इंद्रभाननं डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर केला.

"थांबा वच्छलाबाई. पोरीचं दयन चालू हाय."